या रविवारी पन्हाळ्यावर गाडी चढवू नका

कोल्हापूरकरांना, आणि पुण्या-मुंबईहून, सांगली-बेळगावहून एका दिवसासाठी येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना हात जोडून विनंती आहे. येत्या शनिवार-रविवारी पन्हाळा बघायला जरूर या, पण आपली चारचाकी गडावर चढवू नका. ती कोल्हापुरात लावा आणि एसटीने वर या. आषाढ लागलाय, पावसाने जोर धरलाय, गडावर धुकं उतरलंय आणि त्या धुक्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागलेत. पुढे काय होतं ते गडाच्या वाटेवरच्या वाघबिळापासून वरच्या प्रत्येक घराला पाठ आहे.

गड मोठा आहे, रस्ता मोठा नाही. तटबंदीचा घेर सुमारे सात किलोमीटर भरतो, त्यामुळे माथ्यावर फिरायला जागा भरपूर. पण चारचाकीला वर जायची मुख्य वाट एकच, बुधवार पेठेतून वळत वळत चार दरवाजापाशी निघणारी. चार दरवाजा म्हणायचं, पण दरवाजा आता नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला, मागे राहिले थोडे अवशेष आणि नाव. त्याच तोंडातून आज आपण पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत गडावर शिरतो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या चढावर काय चालतं ते एकदा उभं राहून बघा. वरून उतरणारी एसटी वळणावर अडते. समोर परजिल्ह्याच्या पासिंगची लांबलचक गाडी, तिच्या मागे रांग, आणि रांगेच्या कडेने पुढे घुसलेले दुचाकीवाले. एसटीला ते वळण एका दमात बसत नाही, तिला थोडं मागे यावं लागतं, पण मागे यायला जागा कुणी ठेवलेली नसते. कंडक्टर शिट्टी फुंकत चिखलात उतरतो. कुणीतरी मागच्या चाकाला दगड लावतं. लहान पोरांना मळमळायला लागतं. कठड्याला खेटून गाडी लावून चौघं फोटो काढायला गेलेले असतात, त्यांना शोधायला पाचवा जातो. हॉर्नचा उपयोग शून्य, तरी तो प्रत्येक जण वाजवतो.

सिद्दी जौहरने १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत, ऐन पावसातही, या गडाचा वेढा उठू दिला नव्हता. आपण तो दर रविवारी नव्याने घालतो, आणि वर स्वतःला शिवप्रेमी म्हणवून घेतो.

या कोंडीत पर्यटकाचे दोन तास जातात, संध्याकाळी तो घरी जाऊन ते विसरतो. गडावर राहणाऱ्यांचं तसं नाही. पन्हाळा ही नुसती बघायची जागा नव्हे. ते तालुक्याचं ठिकाण आहे, तिथे नगरपरिषद आहे, २०११ च्या जनगणनेत तीन हजारांच्या आसपास वस्ती नोंदलेली आहे. एखादी अडलेली बाळंतीण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्यायची झाली, कुणाच्या छातीत कळ आली, तर त्यांची गाडी त्याच वळणावर, त्याच रांगेत उभी राहणार. त्यात रविवार हा जोतिबाचा वार. त्याच्या वाडी रत्नागिरीला निघालेले भाविक केर्लीच्या फाट्यापर्यंत याच रस्त्याने येतात. म्हणजे खालीही दाटी आणि वरही.

आता रस्त्याच्या पोटाबद्दल. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चार दरवाजाजवळ हाच रस्ता खचला होता. मोठ्या वाहनांची ये-जा कित्येक महिने थांबली, गडकऱ्यांना पायी चढउतार करावी लागली, हॉटेलं ओस पडली. ते नुसत्या दुर्दैवाने घडलं नाही. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा दगड आहे, खाली काळा पाषाण. जांभा छिद्राछिद्रांचा, पाऊस पिऊन घेतो. ते पाणी खाली झिरपत जातं, आणि जिथे पुढे झिरपायला जागा मिळत नाही तिथे कुशीतून बाहेर पडायला बघतं. माती तिथे सुटते, तटाचे दगड तिथे निखळतात. गेल्या काही पावसाळ्यांत तटबंदीचे भाग ढासळल्याच्या बातम्या आपण वाचल्यातच. रस्ता दुरुस्त झाला हे खरं, पण डोंगर तोच आहे आणि पाऊसही तोच. अशा कड्यावर ऐन पावसात गच्च भरलेल्या गाड्यांची रांग तासन्‌तास उभी करणं याला धाडस म्हणत नाहीत.

आणि गर्दी आता कमी होणार नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. कोल्हापूर जिल्ह्यातला एकटा पन्हाळा. अभिमान वाटलाच पाहिजे. पण नामांकनाचं चाललं होतं तेव्हा गडावरच्या लोकांच्या मनात घरादाराची, धंद्याची धास्ती होती आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली होती. बाहेरच्यांनी येऊन अंगणात गाड्या लावायच्या आणि आतल्यांनी घरातून निघताना रस्ता मोकळा आहे का विचारायचं, असा वारसा कुणाला हवा असेल?

‘एवढं काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी एकच आठवण. १५ जून २०२५, तोही रविवारच. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या आणि दुचाकींच्या भाराने कोसळला, चार जीव गेले. तिथे आलेली माणसं आपल्यासारखीच होती. सकाळी डबा घेऊन निघालेली, संध्याकाळी घरी पोचायच्या बेताने.

गाड्या खाली ठेवणं जमत नाही असंही नाही. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाही; पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे उतरून पुढे जातात आणि तरी माथेरान भरलेलं असतं. कासला फुलांच्या दिवसांत गाड्या लांब थांबवतात, माणसांची संख्या ठरवून सोडतात, सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवय झाली. सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून ई-बस सुरू केली होती, ती मात्र काही दिवसांतच गुंडाळावी लागली. फसलं ते नियोजन. गाडी खाली ठेवायची कल्पना फसली नव्हती. पन्हाळ्यासाठी प्रशासनाने सुट्टीच्या दिवशी जादा एसटी सोडाव्यात आणि गाड्या पायथ्याला थांबवायची नीट सोय करावी, ही मागणी आहेच. पण ती फाईल हलेपर्यंत पावसाळा थांबणार नाही. आपल्या गाडीची किल्ली तर आपल्याच खिशात आहे.

मग यायचं कसं? कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पन्हाळ्याची एसटी मिळते. वीसएक किलोमीटरचं अंतर, मोकळा रस्ता असेल तर तासाच्या आत माणूस वर. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तिकीटच नाही. चौघांच्या पेट्रोलचा, पार्किंगचा हिशेब मांडून बघा. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी ती शहरात लावावी, तेवढ्यात अंबाबाईचं दर्शन होतं आणि मिसळही. जमलं तर मधल्या वारी या. नोकरी-शाळेमुळे रविवारच गाठायचा असेल तर पहाटेची गाडी धरा.

वर पोचल्यावर गाडी नाही म्हणून काही अडत नाही. उलट पन्हाळा कळतो तो पायांनीच. अंधारबावीच्या पायऱ्या उतरा. बाहेरून साधी इमारत वाटते, आत तीन मजले, तळाशी पाणी. शत्रू आला तरी पाण्याला हात लावू शकू नये म्हणून विहिरीवर इमारत चढवली, असा तो बेत. पायऱ्या पावसात शेवाळतात, भिंतीला हात धरून उतरा, आणि चिप्सची रिकामी पाकिटं तिथल्या कोनाड्यात खोचू नका. तिथून अंबरखान्याकडे जा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं. कोठार कसलं, देवळाला लाजवील असं बांधकाम. वेढ्याचे चार महिने गड कशावर तगला असेल याचा अंदाज तिथे उभं राहिल्यावर येतो. तीन दरवाजाचं कोरीवकाम बघायला अर्धा तास ठेवा. सज्जाकोठीत वारा खा, पण कठड्यावर चढून फोटो नको. पुसाटी बुरुजाकडे धुकं असताना कडा कुठे संपतो ते दिसत नाही.

भूक लागली की गडावरच्या मावशींकडे बसा. तव्यावरची गरम भाकरी, झुणका, खरडा, कांदा आणि मातीच्या लोटक्यातलं घट्ट दही. लोटकं उलटं केलं तरी दही पडत नाही, हे त्या स्वतः करून दाखवतात. गाड्या वर आल्या नाहीत तर आमचा धंदा बुडेल, ही वरच्या दुकानदारांची भीती मला खोटी वाटत नाही. पण दोन तास काचा वर करून रांगेत बसलेला माणूस वैतागून तसाच परत फिरतो, डिकीतला डबा वाटेतच संपवतो. एसटीने आलेला माणूस जेवतो, फिरतो, चहा पितो आणि पुढची गाडी येईपर्यंत कणीसही खातो. गिऱ्हाईक कोण, ते दुकानदारांनीच ठरवावं.

एक विनंती मसाई पठारासाठी वेगळी, आणि ही कोल्हापूरच्या पोरांना जास्त. पठारावर गाड्या घालणं ताबडतोब थांबवा. सरकारने ते संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलेलं आहे. सड्यावरची माती बोटभर जाडीची. तिच्यातच गवत, तिच्यातच श्रावण-भाद्रपदातली फुलं. ओल्या सड्यावर एक जीप गोल गोल फिरवली की चाकोरीत पाणी साचतं, माती वाहून जाते आणि खालचा दगड उघडा पडतो. फुलं पुन्हा येतील म्हणून वाट बघायलाही तिथे काही उरत नाही. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीची पावलं जुलैत याच पठारावरून जातात. शिवराय वेढ्यातून निसटले त्या रात्री बाजीप्रभूंच्या सोबत्यांनी चिखल तुडवला तो पायी. रील काढायला तुम्हीही पायीच जा.

निघण्याआधी पंचगंगेची पातळी बघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाणी चढत असेल तर बेत पुढे ढकला. रेडेडोह फुटून पुराचं पाणी रस्त्यावर आलं की पन्हाळ्याचा रस्ता बंद होतो आणि सहलीला आलेला माणूस पलीकडे अडकतो. त्याला सोडवायला मग त्याच गावची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, जी सकाळपासून त्याच्या गाडीला वाट करून देत होती.

हा मजकूर वाचून झाला की तुमच्या सोसायटीच्या, ऑफिसच्या, तालमीच्या ग्रुपवर पाठवा. रविवारची गाडी ज्याच्या नावावर ठरली आहे त्याला आधी फोन करा. आणि एसटीतून पन्हाळ्यावर उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारून ठेवा.