वाकस हाती धरायला लाज कसली?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घराच्या पडवीत ८ फुटांची लाकडी होडी बांधावयास घेतली, तेव्हा गंगापूर रोडवरून धरणाकडे जाणारी मंडळी थांबून हसू लागली. एकाने विचारले, "मास्तर, नोकरी गेली काय?" दुसरा म्हणाला, "सुताराची कामे गुरुजींनी कधीपासून धरली?" पहिल्यास उत्तर देण्याचे कारण नाही. दुसऱ्यास मात्र दिले पाहिजे. कारण हसणारे कोणी शेटजी-भटजी नव्हते, आपल्याच कष्टकरी घरांतले चार बुके शिकलेले लोक होते.

सन १८८२ त हंटर कमिशनापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेचा मास्तर कसा असावा, हे सांगून ठेवले आहे. तो होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा, रयतेत मिसळणारा असावा, आणि प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यास लाज वाटू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. अध्यापक विद्यालयात आम्ही जोतीरावांवर निबंध लिहिले, भाषणे ठोकली; पण वाकसाची मूठ काही कोणी आमच्या हाती दिली नाही, व आम्हीही मागितली नाही.

होडीची रीत सोपी आहे. पाण्यात टिकणाऱ्या ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे ८ फूट बाय ४ फूट असे २ तक्ते घ्यावे. तळ व बाजू कापून कडेने बारीक भोके पाडावी आणि तांब्याच्या तारेने टाके घालावे. टाके आवळू लागले की सपाट फळ्या आपोआप वाकून होडीचा आकार घेतात. मग सांध्यांत इपॉक्सीचा लेप भरून वर काचकापडाची पट्टी बसवावी, म्हणजे झाले.

ही विलायती अक्कल आहे असे कोणी समजू नये. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गलबते होत असत. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकाच्या चित्रात एक जहाज आहे. त्यावरून केरळचे बाबू शंकरन व त्यांच्या कारागिरांनी गोव्यात शिवणीचे जहाज बांधले. दिनांक २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. जुन्या काळचा नकाशा कोणापाशीच नव्हता. विद्वानांनी गणित केले, नौदलाने देखरेख केली, पण टाका घातला तो कारागिराच्या हातांनी.

आता माझी फजिती ऐका. मी दोन्ही बाजूंच्या फळ्या वेगवेगळ्या आखल्या. कापल्यावर एक दुसरीहून ४ सूत लांब भरली, आणि टाके आवळताच होडीस पीळ पडला. शेजारचे सुतारकाका आले. त्यांनी जन्मात होडी बांधली नव्हती. एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली व म्हणाले, "गुरुजी, दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून एकदमच कापायच्या होत्या. जोड असला की आम्ही असेच करतो." वीस वर्षे मी पोरांना एकरूप आकृत्या शिकवीत आहे! एक तक्ता वाया गेला, पण ही शिकवणी स्वस्तात पडली.

पुढे वर्गातील पोरांस हिशोब घातला. तळ ७ फूट लांब व ३ फूट रुंद, म्हणजे २१ चौरस फूट. होडी १ इंच बुडाली तर पावणेदोन घनफूट पाणी बाजूस सारते. घनफूटभर पाण्याचे वजन सुमारे २८ किलो. तर होडीसकट १५० किलो ओझ्याने ती किती बुडेल? सुतारकाकांच्या मुलाने सर्वांआधी सांगितले, "३ इंच." हाच मुलगा वडिलांचा धंदा विचारला की मान खाली घालीत असे. एका शेततळ्यात आम्ही होडी सोडली, तेव्हा ती सव्वातीन इंच बुडाली. पाव इंच का वाढला, यावर पोरे दोन दिवस भांडत होती.

येथे एक इशारा दिला पाहिजे. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो; पडलेल्यास वर येता येत नाही. म्हणून पट्टीचे पोहणारे, काठाशी बांधलेला दोर आणि अंगात तरंगजाकीट यांवाचून कोणी पाण्याकडे फिरकू नये. गंगापूर धरण १९६५ त पुरे झाले. इतकी वर्षे पाणी दाराशी असून आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना पोहता येत नाही, हीही शरमेचीच गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, शिकलेल्या पोराच्या हाती वाकस देऊन त्यास पुन्हा बलुत्यात ढकलता काय?" शंका रास्त आहे. सन १९५३ त मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत व उरलेला वेळ बापाचा धंदा शिकण्यात घालवावा, अशी योजना काढली. पेरियार तिच्यावर तुटून पडले, आणि १९५४ त कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. ठीकच झाले! सुताराच्या पोराने सुतारच राहावे, हे शिक्षण नव्हे, जुनीच बेडी आहे. माझे म्हणणे अगदी उलट आहे. कुलकर्ण्यांच्या मुलीनेही रंधा मारावा, पाटलाच्या पोरानेही करवत धरावी, आणि सुताराच्या लेकराने जहाजांचा इंजिनियर व्हावे. वाकस एकट्या सुताराच्या माथी आणि पुस्तक दुसऱ्याच्या हाती, ही वाटणीच मोडली पाहिजे.

गंगापूर रोडवर शाळा-कॉलेजांस तोटा नाही. रयतेच्या लेकरांसाठी १९१४ त स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज याच रस्त्यावर नांदतो आहे. येथील प्रत्येक शाळेने आठवड्यातून एक दिवस गावच्या सुतारास, लोहारास, गवंड्यास वर्गात बोलवावे. बिगारीने नव्हे, रोख मानधन द्यावे, खुर्ची द्यावी, आणि पोरांनी त्यास गुरुजी म्हणावे. पुढल्या सुट्टीत आम्ही दुसरी होडी बांधणार आहोत. या खेपेस फळ्या सुतारकाका आखतील व गुरुजी त्यांच्या हाताखाली काम करतील. ज्यांस हसावयाचे असेल त्यांनी खुशाल हसावे. मात्र येताना हातात पटाशी घेऊन यावे. सुज्ञांस अधिक लिहिणे न लगे.