पाऊस थोडा, पण पाणी राखलेले

काही मुले म्हणतात, वाळवंटात बघण्यासारखं काय असतं? नुसती वाळू! मला हे मुळीच पटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी मंडळी काकांच्या जीपने राजस्थानला गेलो होतो. आधी अबूचा डोंगर लागला. तिथले गुरुशिखर 1722 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही उंच! पुढे डोंगर मागे पडले, झाडे खुजी झाली. जैसलमेरच्या पुढे सम गावाला तर वाळूच्या टेकड्याच टेकड्या.

तिथे पाऊस फार थोडा पडतो. तरी माणसे राहतात, शेळ्या नि उंट पाळतात. कसे? जमिनीत टाके खोदतात, भोवतालच्या जागेला उतार देतात आणि पावसाचे पाणी त्यात साठवतात. त्याला टांका म्हणतात.

आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो. तरी चैत्रात आई हंडा घेऊन टँकरमागे पळते. हे काही बरोबर नाही. म्हणून माझे मत असे आहे की, शाळेच्या पत्र्याला पन्हळ लावून यंदा पावसाचे पाणी टाकीत साठवावे. मुलांनो, तुम्हाला काय वाटते?