कांस्यपात्रांचा मोह

न्यूयॉर्कमध्ये मार्च २०१७ मध्ये ओसाकाच्या फुजिता संग्रहालयातील चिनी वस्तूंचा लिलाव झाला. तीत शांग काळातील एका चौकोनी कांस्यपात्राला ३ कोटी ७२ लाख डॉलर मिळाले. हा मोह निराधार आहे, असे कोणी म्हणणार नाही. मातीच्या साच्याचे तुकडे जोडून, त्यांवर आधीच नक्षी उमटवून, तीन हजार वर्षांपूर्वीच्या ओतकाऱ्यांनी जे साधले ते आजही थक्क करते. आनयांग येथे १९३९ मध्ये सापडलेल्या एका 'तिंग'चे वजन आठशे किलोंहून अधिक आहे. पात्राच्या अंगावरून रोखून पाहणाऱ्या त्या वटारलेल्या डोळ्यांच्या मुखवट्याचा अर्थ विद्वानांना अद्याप निश्चित करता आलेला नाही. संग्राहक ज्या हिरव्या झळाळीवर लुब्ध होतो, ती मात्र कारागिराची नव्हे, मातीची करणी. नवे पात्र सोन्यासारखे पिवळे चकाकत असे. घरातल्या भांड्यावर असा जंगाल चढला, तर तो चिंचेने घासून काढतात!

हा छंद चीनमध्येही जुनाच. सुंग काळातील ल्यू तालिन या विद्वानाने १०९२ मध्ये अशा पात्रांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला होता. परंतु त्याला पात्रांवरील लेखही वाचावयाचे होते. पूर्वजांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी घडविलेली ही पात्रे कोणाची, कशासाठी, हे त्या लेखांतून उमगते. उरलेले सांगते ते थडगे. आणि चोरट्या उत्खननात पहिला बळी जातो तो त्याचाच.

आनयांगलाच १९७६ मध्ये राणी फू हाओ हिचे अस्पर्श थडगे उघडले गेले. दोनशेंहून अधिक कांस्यपात्रे, शेकडो जेडच्या वस्तू, जवळजवळ सात हजार कवड्या आणि तिच्यासोबत बळी दिलेली माणसे, सारे जागच्या जागी होते. भविष्यकथनाच्या अस्थींवर जिच्या स्वाऱ्यांचे व बाळंतपणाचे उल्लेख होते, ती राणी हीच, हे पात्रांवरील नावामुळे कळले. तीच पात्रे एकेक करून परदेशी दिवाणखान्यांत पोहोचली असती, तर देखणी तेवढीच दिसली असती.

हुनान प्रांतात १९२० च्या सुमारास सापडलेल्या 'मिन फांगलेइ' या मद्यपात्राचे झाकण चीनमध्ये राहिले, पात्र परदेशी गेले. २००१ मध्ये ते ९२ लाख डॉलरना विकले गेले. २०१४ मध्ये हुनानच्या संग्रहालयासाठी ते परत मिळविण्यात आले व झाकण पुन्हा त्यावर बसले. ते मातीत असताना त्याच्या शेजारी काय होते, याची नोंद मात्र कोणीच केली नव्हती.