मला कन्नड येत नाही!

 

आज तुम्हाला माझी एक फजिती सांगणार आहे. फजितीपेक्षा चूकच म्हणा. पण त्या चुकीने मला जे शिकवलं, ते बी.ए.च्या तीन वर्षांतही कुणी शिकवलं नव्हतं.

आधी थोडी ओळख. मी मूळची बार्शीची. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं! आठवडाभर शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक टाकून तो देश पालथा घालायचा. पण चौकशी केली आणि फुगा फुटला. दक्षिण कोरियासारख्या देशात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी असतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा, त्यांना पहिलं ताट. आपण पंगतीच्या शेवटी.

मग कंटेंट रायटरची नोकरी लागली आणि मी येऊन पडले होसकोटेला. बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने कोलारकडे निघालं की हे गाव लागतं. पहाटे चारला दम बिर्याणीसाठी रांगा लागतात, ते हेच होसकोटे. व्हाइटफील्डच्या मानाने इथे भाडं कमी, म्हणून मी इथे. घरमालकीण अक्कांनी एकदा विचारलं, "तुम्ही इंग्लिश शिकलात ना? मग आमच्या गल्लीतल्या पोरांना शिकवा की."

झालं! दर रविवारी सकाळी गच्चीवर आमचा वर्ग सुरू झाला. सहा मुलं, एक फळा आणि मी. मनात म्हटलं, चला, कोरिया नाही तर कर्नाटक. माझं परदेश निदान बसने गाठता येतं!

नियम माझा, जीभ त्यांची

पहिल्याच दिवशी मी नियम केला, वर्गात फक्त इंग्रजी. कन्नड बोललात तर एक रुपया दंड. मला वाटलं, किती छान शिस्त!

वर्गात एक मुलगी होती, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. घरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच. तिला नोकरीची मुलाखत द्यायची होती आणि मुलाखतीचं नाव काढलं तरी तिचे हात थंड पडायचे. एका रविवारी मी तिला उभं केलं आणि स्वतःबद्दल बोलायला सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, इंग्लिश नॉट कमिंग टू मी."

मी हसले. हो, हसले. म्हटलं, "इंग्लिश काय बस आहे का, तुझ्याकडे चालत यायला?" सगळा वर्ग हसला. मी फळ्यावर बरोबर वाक्य लिहिलं आणि पुढे गेले.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

कोलारच्या बसमध्ये

तिसऱ्या रविवारी वर्गाला सुट्टी दिली आणि मी कोलारला निघाले. तिथलं कोलारम्मा मंदिर बघायचं होतं. चोळांच्या काळातलं हे मंदिर, आणि तिथे चेळम्मा नावाची विंचवांची देवी आहे. विंचवाची देवी! बघायलाच हवी ना?

बसमध्ये कंडक्टर आले. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये 'शक्ती' योजनेत मोफत प्रवास आहे. त्यांनी आधार कार्ड मागितलं, मी दिलं. माझ्या कार्डावर पत्ता बार्शीचा. ते भराभर काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. ते पुन्हा बोलले. आता पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून बघायला लागली. मी घाबरून, अक्कांनी पाठ करून घेतलेलं एकमेव वाक्य म्हटलं, "ननगे कन्नड बरल्ल."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मंडळी, ते हसू असं काही लागलं म्हणून सांगू! कान गरम झाले. मी इंग्रजीची पदवीधर, दिवसाला दोन-दोन हजार शब्द लिहिणारी, आणि इथे तिकीट काढायलासुद्धा येत नाही!

कंडक्टर मात्र भले होते. माझी अडचण ओळखून हळूहळू, एकेक शब्द तोडून बोलले, "महाराष्ट्र... टिकेट तगोबेकु." म्हणजे तिकीट घ्यावं लागेल. एवढंच होतं ते!

तिकीट हातात घेऊन मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मनात तेच वाक्य घोळत राहिलं. 'ननगे' म्हणजे मला. 'कन्नड' म्हणजे कन्नड. 'बरल्ल' म्हणजे येत नाही. 'बा' म्हणजे ये, 'बन्नी' म्हणजे या, त्यातलंच हे 'बरल्ल'. मला कन्नड येत नाही!

अरेच्चा! आपणही अगदी असंच म्हणतो की! मराठीत भाषा आपल्याला 'येते'. कन्नडमध्येही ती 'येते'. इंग्रजीत मात्र माणूस भाषा 'जाणतो'. त्या मुलीने काय केलं होतं? आपल्या भाषेतलं एक सुंदर, बरोबर वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत आणून ठेवलं होतं. तिच्याजागी बार्शीची मी असते, तर मीही हेच म्हटलं असतं. 'मला ताप आला' याचं 'फीवर केम टू मी' शाळेत मीच लिहिलं होतं ना!

चूक होती, मान्य. पण ती अडाणीपणाची चूक नव्हती. ती दोन भाषांच्या उंबरठ्यावर अडखळली होती आणि मी हात द्यायचा सोडून हसले होते.

तप्पाय्तु

त्या संध्याकाळी अक्कांकडून अजून एक शब्द शिकून घेतला. 'तप्पाय्तु', म्हणजे चूक झाली. दुसऱ्या दिवशी काम संपवून तिच्या घरी गेले. तिची आई नाचणीचे मुद्दे वळत होती. मी घोकून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं आणि आईंना 'नीवु' म्हणायच्या ऐवजी 'नीनु' म्हणून बसले. म्हणजे 'तुम्ही' म्हणायचं तिथे सरळ 'तू'!

क्षणभर शांतता. मग ती मुलगी तोंडावर हात ठेवून जी हसत सुटली! तिची आईही हसली, मीही हसले. मग तिनेच मला 'नीवु' म्हणायला लावलं, तीनदा. हसू तेच, पण बसमधल्यासारखं टोचलं नाही. कारण हसता हसता ती मला शिकवत होती.

ती आता पुन्हा येते. दंडाचा नियम मी रद्द केला. नवा नियम असा, दर रविवारी मी त्यांना दहा वाक्यं शिकवायची आणि त्यांनी मला तीन. फळ्यावर मधोमध रेघ मारतो. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. तिची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. अजून अडखळते. पण आता अडखळली तरी गप्प बसत नाही, वाक्य पुरं करते.

हे गाव तितकंसं परकं नाही

भाषा थोडी उघडली तसं गावही उघडलं. होसकोटे म्हणजे 'होस कोटे', नवा कोट! सुगटूरच्या तम्मे गौडांनी साधारण १५९५ च्या सुमारास हे वसवलं. आणि आपल्या माणसांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, १६३८ साली आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं, त्यानंतर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली त्यात बंगळूर, कोलारबरोबर हे होसकोटेही होतं. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या काडु मल्लेश्वर मंदिरात त्यांचे पुत्र व्यंकोजीराजांचा १६६९ सालचा शिलालेख आहे. शहाजीराजांची समाधीही याच राज्यात, दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेला आहे. तिथे मला एकदा जायचंच आहे.

शेजारच्या मालूर तालुक्यात मास्ती नावाचं गाव आहे. तिथले मास्ती वेंकटेश अय्यंगार घरात तमिळ बोलायचे, शिकले इंग्रजीत एम.ए., आणि लिहिलं कन्नडमध्ये. १९८३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. धारवाडचे द. रा. बेंद्रे तर मराठी घरातले. कन्नडचे थोर कवी झाले आणि आपल्या सोलापूरच्या कॉलेजात कितीतरी वर्षं कन्नड शिकवत होते. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते हेच. एकमेकांच्या भाषा शिकायच्या, म्हणजे माणसं परकी राहत नाहीत.

तुमच्या घरातलंही कुणी शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळूरला असेल ना? त्यांना ही पाच वाक्यं आजच पाठवा:

* ऊटा आय्ता? – जेवण झालं का?
* एष्टु? – किती?
* ई बस एल्लिगे होगुत्ते? – ही बस कुठे जाते?
* स्वल्प निधानवागि मातनाडी – जरा हळू बोला.
* ननगे कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते – मला कन्नड थोडं थोडं येतं.

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते ऐकलं की समोरचा माणूस हसतो आणि हळू बोलायला लागतो.

आणि तुमच्या सोसायटीत, दुकानात, बांधकामावर कुणी बाहेरून आलेलं मोडकं-तोडकं मराठी बोलत असेल, तर त्यांच्या चुकीला हसण्याआधी एक क्षण थांबा. त्यांच्या भाषेत ते वाक्य कदाचित अगदी बरोबर असेल.

जाता जाता एक सांगते. आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. इथेही तसंच आहे. रविवारी वर्ग संपला की ती मुलगी जिन्यावरून ओरडते, "होगि बर्तीनि, मॅडम!" जाऊन येते!

तर मंडळी, मीही येते. पुढच्या वेळी भेटूच!