वाऱ्यावर भाजलेली कंदमुळे

एअर फ्रायरच्या नावात तळणे आहे, पण त्यात काहीही तळले जात नाही. वर तापलेली तार, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. पंखा १८० ते २०० अंश सेल्सिअसची हवा टोपलीत घुमवतो आणि ती पदार्थाला चहूबाजूंनी घासत जाते. बेकरीच्या भट्टीची ही लहान आणि घाईची धाकटी बहीण. पंख्याची भट्टी तशी जुनीच. अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी १९४५ च्या सुमारास लष्करी विमानांत गोठवलेले जेवण गरम करण्यासाठी ती बनवली होती. ओट्यावर मावणारे रूप तिला नेदरलँड्सच्या फ्रेड व्हॅन डर वेई यांच्यामुळे मिळाले. त्यांच्या डोळ्यांपुढे बटाट्याच्या फ्राइजच होत्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांच्या पाटीवरच्या फिंगर चिप्स. फिलिप्स कंपनीने हे यंत्र २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आणले.

तळणे आणि भाजणे यांतला फरक तापमानाचा नाही, माध्यमाचा आहे. पाव काढताना भट्टीवाल्याचा हात २०० अंशांच्या हवेत क्षणभर जाऊन येतो. १८० अंशांच्या तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. हवा विरळ असल्यामुळे ती उष्णता सावकाश पोचवते. कढईत पाच-सहा मिनिटांत होणाऱ्या कापांना टोपलीत अठरा-वीस मिनिटे लागतात. कढईत पदार्थातल्या पाण्याची वाफ बुडबुड्यांनी बाहेर पडते, तोपर्यंत तेलाला आत वाव मिळत नाही. झाऱ्याने काप बाहेर काढले आणि ते निवू लागले की वाफेने सोडलेल्या पोकळ्यांत पृष्ठभागावरचे तेल ओढले जाते. तळलेल्या पदार्थातले बरेचसे तेल असे ताटात आल्यावर आत शिरते. टोपलीत हा प्रकार नाही. अर्धा किलो बटाट्यांना दोन चहाचे चमचे तेल पुरते, आणि दोन चमचे तेल म्हणजे साधारण ८० कॅलरी, त्याही साऱ्या घाण्यात मिळून. मात्र तेल अजिबात न लावण्याचा हट्ट पदार्थाच्या मुळावर येतो. कोरड्या कापाच्या पृष्ठभागावर उष्णता सारखी पसरत नाही, रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो आणि तिखट-मीठ चिकटत नाही.

बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेले खोड. त्याचे ‘डोळे’ म्हणजे खोडावरचे कोंब. त्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि उरलेल्यात बहुतेक सारा स्टार्च. स्टार्च ६०-७० अंशांना पाणी पिऊन फुगतो, मग वरचा थर वाळला की काचेसारखा कडक होतो. कुरकुरीतपणा म्हणतात तो हाच. त्यामुळे पाणी जास्त असलेला नवा, कोवळा बटाटा भाजीला गोड लागला तरी फ्राइजला कुचकामी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने वेफर्ससाठी ‘कुफरी चिपसोना’ मालिकेतले वाण काढले, गुजरातेत फ्राइजच्या कारखान्यांसाठी ‘सांताना’ लावतात. दोन्हींकडून अपेक्षा एकच, घन भाग जास्त आणि साखर कमी. मंडईत ही नावे विचारून उपयोग नाही. जुना, जाड सालीचा, हाताला जड लागणारा बटाटा मागावा.

साखरेचा मुद्दा वाळवण करणाऱ्या बायकांना कोणत्याही संशोधनाआधी ठाऊक होता. शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो आणि त्याचे वेफर्स तळताना लाल होतात, म्हणून त्या तो बाजूला काढत. सहा अंशांखालच्या थंडीत बटाटा आपला स्टार्च मोडून साखर तयार करतो. ही साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्ले तापली की तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. तिचीच एक नको असलेली वाट १२० अंशांच्या वर अ‍ॅक्रिलामाइडकडे जाते. स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये तळलेल्या-भाजलेल्या पिठूळ पदार्थांत ते सापडल्याचे जाहीर केले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग होतो, माणसाबाबत पुरावा तेवढा पक्का नाही. युरोपीय संघाने मात्र २०१७ च्या नियमाने खायला तयार फ्राइजसाठी किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी ठरवली. तेल कमी झाले म्हणून अ‍ॅक्रिलामाइड कमी झाले असे समीकरण मांडता येत नाही. उपाय साधे आहेत. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, काप पाण्यात भिजवावेत, आणि सोनेरी रंगावर थांबावे.

कृतीचा मोठा भाग यंत्र सुरू करण्याआधीच उरकतो. बटाटा विळीवर उभा चिरून करंगळीएवढे, आठ ते दहा मिलिमीटर जाडीचे काप करावेत. जाडी सारखी नसेल तर अर्धे करपतात आणि अर्धे कच्चे राहतात. काप गार पाण्यात अर्धा तास ठेवून पाणी एकदा बदलावे. तळाशी बसणारा पांढरा साका हा कापलेल्या पेशींतून सुटलेला स्टार्च. तो राहिला तर काप एकमेकांना चिकटतात. मग मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घातलेल्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे. आम्लामुळे पेशींना जोडणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही, काप आतून शिजतो पण मोडत नाही. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालते. यानंतरची पायरी सगळ्यांत जास्त टाळली जाते. काप सुती पंचावर पसरून पंख्याखाली दहा मिनिटे कोरडे होऊ द्यायचे. ओला काप टोपलीत गेला की यंत्राची पहिली पाच-सात मिनिटे त्याचे अंग पुसण्यातच जातात, आणि टोपलीत वाफ कोंडून सगळा ऐवज वातड होतो.

कोरड्या कापांना तेल चोळावे, यंत्र तीन मिनिटे आधी तापवावे, काप एका थरात पसरावेत. १६० अंशांवर बारा मिनिटे, मग २०० वर सहा-सात मिनिटे, मध्ये दोनदा टोपली हलवायची. बेल्जियमचे फ्राइजवाले काप आधी मंद तेलात शिजवून काढतात, निवू देतात आणि गिऱ्हाईक आले की कडक तेलात पुन्हा सोडतात. दोन तापमानांचा हा हिशोब त्यांचाच, फक्त तेलाच्या जागी वारा. मीठ सगळ्यांत शेवटी, कारण आधी घातलेले मीठ आतले पाणी बाहेर ओढते.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. दुकानातल्या फ्रोजन फ्राइज एअर फ्रायरमध्ये ‘तेलाशिवाय’ सुरेख होतात आणि घरचा बटाटा त्यांच्यापुढे हिरमुसला दिसतो. त्या फ्राइज कारखान्यातच एकदा तेलात निम्म्याकच्च्या तळून मग गोठवलेल्या असतात. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत खाद्यतेल छापलेले असतेच. त्यांच्याशी तुलना करून गृहिणीने स्वतःच्या हाताला दोष द्यायचे कारण नाही.

मराठीतल्या बटाट्याचे नाव मुळात रताळ्याचे. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक रताळ्याला बटाटा म्हणत. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला, पोर्तुगिजांकडून तो कोकणकिनाऱ्यावर उतरला आणि वाटेत दुसऱ्याच कंदाला चिकटला. दोघेही अमेरिकेतून आलेले, तरी एकादशीला दोघांचाही मान पक्का. शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या पिठापासून साबुदाणा होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. उपवासाच्या खिचडीत तूप आणि जिरे तेवढे या बाजूचे.

रताळे हे मात्र खरे मूळ, आणि त्याचे वागणे बटाट्याच्या उलट. त्यात स्टार्चबरोबर तो मोडणारे अमायलेज हे विकरही असते. साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात ते जोरात काम करते आणि स्टार्चची माल्टोज साखर बनवते. चुलीच्या राखेत सावकाश भाजलेल्या रताळ्याला गुळासारखी चव येते ती यामुळेच. पण कुरकुरीतपणा स्टार्चवर उभा असतो. तो साखर होऊन गेला की काप मऊ आणि चिकट पडतो. म्हणून रताळ्याला १६० चा मंद टप्पा देऊ नये. तापलेल्या यंत्रात थेट १९० वर बारा ते पंधरा मिनिटे ठेवावे, म्हणजे तो गोड होण्याचा टप्पा लवकर ओलांडला जातो. २०० च्या पुढे गेले तर साखर करपून टोके कडवट होतात.

तरीही उघडे रताळे बटाट्याइतके कडक होत नाही. ती उणीव पिठाच्या कोटाने भरून निघते, आणि यात उपवासाच्या डब्यांइतकी सोय दुसऱ्या कोणत्या स्वयंपाकघरात सापडणार नाही. आरारूट, साबुदाण्याचे पीठ, वरईचे पीठ यांपैकी काहीही अर्धा किलोला दीड मोठा चमचा पुरे. शिंगाड्याच्या पिठाचा कोट अधिक खमंग, रंगाला किंचित काळपट. काप जरासे दमट असतानाच पीठ भुरभुरावे, ते मुरल्यावर तेल लावावे. क्रम उलटला तर पिठाच्या गुठळ्या होतात. वर सैंधव, जिरेपूड, आणि ज्यांच्याकडे उपवासाला लाल तिखट चालते त्यांनी तेही. करमाळा, बेळगाव या भागांतून येणारे लाल सालीचे, पांढऱ्या गराचे रताळे या कामाला उत्तम, कारण ते पिठूळ असते. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेचे नारिंगी गराचे ‘भू सोना’ बीटा कॅरोटीनने समृद्ध आहे, पण नारिंगी रताळी एकूणच मऊ पडतात. त्यांना कोट दाट हवा. रताळी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, गाभा असा टणक होतो की शिजवूनही मऊ पडत नाही.

सुरणाकडे वळताना सावध राहिलेले बरे. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. चावताना त्या जिभेत, घशात रुततात आणि खवखव सुटते. २०० अंशांच्या कोरड्या हवेने हे स्फटिक मोडत नाहीत. कच्चे सुरण थेट टोपलीत टाकण्याची चूक माणूस एकदाच करतो. चिरताना हाताला तेल लावावे, काप आमसूल किंवा चिंच घातलेल्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकडावेत, ते पाणी फेकून द्यावे आणि काप पूर्ण कोरडे करावेत. कोकण-गोव्यात सुरणाचे काप तांदळाचे पीठ आणि रवा लावून तव्यावर परततात. तोच कोट, तेलाचा हात जरा सढळ ठेवून, १९० वर चौदा मिनिटांत छान होतो. रव्यावर कोरडे पांढरे ठिपके दिसले तर तिथे तेल पोचलेले नाही असे समजावे.

अळकुडीची खाजही त्याच जातीची, त्यात बुळबुळीतपणाची भर. ती सालासकट कुकरमध्ये एका शिट्टीपुरती उकडावी, सोलून पूर्ण गार करावी आणि मगच लांबट चिरावी. गरम असताना सुरी लावली तर लगदा होतो. गार झाल्यावर स्टार्च घट्ट बसतो आणि काप धारदार निघतात. २०० वर बारा-चौदा मिनिटांत बाहेर कडक पापुद्रा आणि आत लोण्यासारखा गर येतो. एअर फ्रायरला सर्वांत मानवणारा कंद कोणता, असे विचारले तर उत्तर बटाटा नसून अळकुडी आहे. कोनफळ आणि कणगर याच वाटेने जातात, कोनफळाचा जांभळा रंग थोडा फिका होतो एवढेच.

गाजर आणि बीट यांच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. दोन्हींत ८७-८८ टक्के पाणी, स्टार्च जवळजवळ नाही, साखर भरपूर. कुरकुरीत होण्यासारखे त्यांच्यात काही नाहीच. १८० वर पंधरा मिनिटांत ती आकसून निम्मी होतात, गोड आणि लवचीक लागतात. त्यांना भाजलेली भाजी म्हणून वाढावे, फ्राइज म्हणू नये. मुळा या खेळात घेऊच नये.

शेवटी यंत्राच्या आवाक्याबद्दल. चार लिटरच्या टोपलीत एका थरात साडेतीनशे-चारशे ग्रॅम काप मावतात, आणि पाणी उडाल्यावर ते दोन माणसांना पुरतात. सहा जणांच्या घरात तीन घाणे म्हणजे तासभर; कढई हे काम वीस मिनिटांत उरकते. वीज फारशी लागत नाही, १५०० वॉटचे यंत्र वीस मिनिटांत जास्तीत जास्त अर्धे युनिट खाते. पण २३० व्होल्टला ते साडेसहा अँपिअर ओढते, म्हणून मिक्सरच्या ६ अँपिअरच्या प्लगला न लावता १६ अँपिअरच्या जोडणीवर लावावे. आणि मंडळी पानावर बसल्याशिवाय शेवटचा घाणा काढू नये, कारण आत उरलेली वाफ दहा मिनिटांत वरचा पापुद्रा मऊ करते.