विद्यार्थ्यांचें बिऱ्हाड आणि त्याची किल्ली

परीक्षांचे निकाल लागले, कीं ज्या घरांतील मूल परगांवीं शिकावयास जावयाचें असतें त्या घरांत एक निराळीच धांदल सुरू होते. चादरी, उशांचे अभ्रे, मेतकुटाची बरणी, दाखल्यांच्या प्रती, आणि सर्व सामान बांधून झाल्यावर आजीनें ऐन वेळीं खुपसलेली हिंगाची डबी! दोन वर्षांपूर्वीं रत्नागिरीस आमच्या दादांच्या घरीं ही धांदल मीं स्वतः पाहिली. माझा पुतण्या वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठीं पुण्यास यावयाचा होता. वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं, तेव्हां आणखी दोन मुलांच्या भागीनें नव्या पेठेच्या बाजूस एक फ्लॅट भाड्यानें घेण्याचें ठरलें, आणि मी पुण्यांतच राहत असल्यामुळें जागा पाहण्याच्या कामीं दादांबरोबर मीहि गेलें.

त्या दिवशींची आमची तपासणी आठवली म्हणजे आज हसूं येतें. दादांनीं नळ सोडून पाहिले, पंखे मोजले, पाणी किती वाजतां येतें हें दोनदां विचारलें. मीं ओट्याची उंची पाहिली आणि कपडे वाळत घालण्यास दोरी आहे ना, याची खात्री करून घेतली. घरमालकांनीं मुलांचीं आडनांवें विचारलीं आणि खाण्यापिण्याविषयीं अशी कांहीं कसून चौकशी केली, कीं जणूं सोयरीकच ठरवावयाची आहे! हा आडनांवें विचारण्याचा रिवाज मला मुळींच आवडत नाहीं. पण तो विषय निराळा. सांगावयाचें तें हें, कीं दाराकडे मात्र कोणींच पाहिलें नाहीं. दार होतें, त्याला लॅच होतें, तिघांच्या हातीं तीन किल्ल्या पडल्या, आमचें समाधान झालें. चौथी किल्ली कोठें आहे हें आम्हीं विचारलें नाहीं. कारण ती असेल हेंच कोणाच्या मनांत आलें नाहीं.

दिवाळीच्या सुटींत तिघेहि आपापल्या गांवीं गेले. भाऊबीजेनंतर परत येऊन पाहतात तों दार जसें लावून गेले होते तसेंच लावलेलें, आणि आंतले दोन लॅपटॉप व एकाचा कॅमेरा नाहींसा! पुतण्याच्या लॅपटॉपांत त्यानें गणपतींच्या दिवसांत रत्नागिरीच्या सड्यावर फिरून केलेल्या साऱ्या नोंदी होत्या. कोंकणांतील जांभ्या दगडाचे हे सडे उन्हाळ्यांत काळेठिक्कर असतात. पावसाळ्यांत मात्र थोडक्या आठवड्यांपुरते सीतेच्या आसवांसारख्या चिमुकल्या फुलांनीं ते निळेजांभळे होतात, आणि मग सारें कोमेजून जातें. वस्तूची किंमत भरून निघते. गेलेला श्रावण-भाद्रपद पुढल्या वर्षाखेरीज परत येत नाहीं. नोंदींची दुसरी प्रत कोठें ठेवली होती, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "आत्या, ठेवणारच होतों."

पोलीस आले, त्यांनीं दार पाहिलें, कडीकोयंडा पाहिला. कांहींएक मोडलेलें नव्हतें. चौकशीअंतीं इतकेंच समजलें, कीं त्या जागेंत आमच्या मुलांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या किती तरी तुकड्या राहून गेल्या. प्रत्येक तुकडीनें सोयीसाठीं एकदोन जादा किल्ल्या करून घेतल्या. एक स्वयंपाकाच्या बाईंकडे, एक कोणा मित्राकडे. आणि कुलूप मात्र पहिल्या दिवसापासून तेंच! पुण्यांत किल्लीवाल्याच्या टपरीवर घटकाभरांत किल्ली करून मिळते. ती कोणासाठीं केली याची वही तो ठेवीत नाहीं.

परंतु मला खरा चटका लावला तो समोरच्या बिऱ्हाडांतील आजींनीं. मी व पुतण्या त्यांच्याकडे विचारपूस करावयास गेलों, तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाच्या दुपारीं दोन मुलें आलीं होतीं. किल्लीनें दार उघडून आंत गेलीं आणि पाठीवर पिशव्या घेऊन निघालीं. मी दारांत रांगोळी काढीत होतें. एकानें तर माझी रांगोळी मोडूं नये म्हणून पाय जपून टाकला."

"आजी, मग तुम्हीं कांहीं विचारलें नाहीं?" पुतण्यानें विचारलें.

"काय विचारूं रे बाळा? तुम्हीं तिघे कोण, हेंच मला पांच महिन्यांत ठाऊक नाहीं. रोज नवीं तोंडें येतात, जातात. परका कोण हें मीं कसें ओळखावें?"

नंतर थोड्या वेळानें, माझ्याकडे वळून, त्यांनीं दुसरी गोष्ट सांगितली. ऑगस्ट महिन्यांत त्यांचे यजमान हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकतेच घरीं आले होते. त्याच आठवड्यांत आमच्या मुलांपैकीं एकाचा वाढदिवस पडला, आणि रात्रीं एक वाजेपर्यंत गाणीं चालूं होतीं. आजींनीं दोनदां दार ठोठावलें. आंतल्या गोंगाटांत तें ऐकूं गेलें नाहीं. "त्यानंतर मीं ठरवलें, कीं त्या दाराकडे पाहावयाचेंच नाहीं," असें त्या म्हणाल्या. पुतण्याची मान खालीं गेली ती तेथून उठेपर्यंत वर झाली नाहीं.

आमच्या लहानपणच्या वाड्याला मोठा दरवाजा होता, त्यांत दिंडी होती, रात्रीं आडवा अडसर पडे. पण अडसर रात्रींपुरता. दिवसभर तो दरवाजा सताड उघडाच असे. दिवसाची राखण करीत असे ती चौकांत तांदूळ निवडीत बसलेली एखादी म्हातारी. नवा माणूस दिसला, कीं "कोण रे तूं? कोणाकडचा?" हा प्रश्न ठरलेलाच. त्या काळचा गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत असे. म्हणजे आठवड्याच्या सात दिवशीं सात घरीं. त्या जेवणांत पुष्कळदां मानभंगहि वाढला जात असे, तेव्हां ती चाल गेली हें उत्तमच झालें. मात्र त्या मुलाला त्याच्या नांवागांवासह ओळखणारीं सात घरें गांवांत असत. आज मुलगा डबा मागवितो, सामान मोबाईलवरून मागवितो, आणि दोन वर्षें एका जिन्यानें चढून उतरूनहि त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें.

आतां, यंदा ज्यांचीं मुलेंमुली घराबाहेर पडणार आहेत त्यांच्यासाठीं, आमच्या अनुभवाचे बोल. जागा ताब्यांत आली, कीं पहिल्या दिवशीं कुलूप बदलावें. सबंध लॅच काढावें लागतें असें नाहीं. किल्ली ज्यांत फिरते तेवढाच आंतला भाग बहुधा बदलतां येतो, आणि तिघांत वांटला तर तो खर्च कांहींच नाहीं. घरमालकांस आधीं सांगावें. समंजस मनुष्य नाहीं म्हणत नाहीं. दार नुसतें ओढून घेतलें म्हणजे तें लागलें, असें मुलांना वाटतें. साध्या लॅचची जीभ एखाद्या पातळ पण ताठ कार्डानेंहि मागें सरकवितां येते. म्हणून बाहेर पडतांना किल्ली फिरवून दार लावावें. पायपुसण्याखालीं, कुंडींत किंवा चपलांच्या कपाटावर किल्ली ठेवण्याची युक्ति चोरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना माहीत आहे.

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे तो नोंदवावा लागत नाहीं, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. महाराष्ट्रांत ती चुकीची आहे. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें असा करार लेखी असून त्याची नोंदणी झालीच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. तेव्हां मालकाचें हितहि नोंदणींतच आहे. जागा न पाहतां, केवळ फोनवरील छायाचित्रांवर भुलून आगाऊ रक्कम पाठवूं नये. "तुम्हांला पैसे परत पाठवितों, एवढा चौकोन स्कॅन करा," असें कोणी म्हणाला, तर तो पैसे देणारा नसून नेणारा आहे असें समजावें. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितका उशीर तितकी रक्कम हातची जाण्याचा संभव अधिक.

चोरीपेक्षांहि मला अधिक भय वाटतें तें स्वयंपाकघराचें व न्हाणीघराचें. मुलींना आपण रात्रीं किती वाजतां परतावें याचें घड्याळ बांधून देतों. मुलग्यांना रेग्युलेटर बंद कसा करावा एवढेंहि शिकवीत नाहीं. हा कसला न्याय? सिलिंडरांतील वायु हवेपेक्षां जड असतो, म्हणून गळती झाली कीं तो वर न जातां जमिनीलगत सांचतो. त्याला मुळांत म्हणण्यासारखा वास नसतो. आपणांस कळावें म्हणून ती दुर्गंधी मुद्दाम मिसळलेली असते. तो वास आला तर दिव्याचें वा पंख्याचें कोणतेंहि बटण लावूंहि नये आणि बंदहि करूं नये, कारण दोहोंतहि ठिणगीचें भय सारखेंच. रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावें, आणि मग १९०६ वर फोन करावा.

गॅसच्या गीझरची गोष्ट याहून गंभीर आहे. विद्यार्थ्यांच्या कित्येक जागांत तो चिंचोळ्या न्हाणीघरांतच टांगलेला असतो आणि थंडीच्या दिवसांत मुलें खिडकी घट्ट लावून घेतात. कोंडलेल्या हवेंत ज्योत नीट जळत नाहीं व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. त्यामुळें माणसाला गुदमरल्याचा भास न होतां नुसती भोंवळ येते, हातपाय गळतात, आणि कडी काढण्याचीहि शक्ति राहत नाहीं. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं बसविलेला असावा. तसें नसेल तर खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, आणि मगच स्नानास बसावें. जागा पाहावयास जाणाऱ्या वडील माणसांनीं पंखे मोजण्याआधीं हें पाहावें, एवढी माझी हात जोडून विनंति आहे.

किरकोळ गोष्टी थोडक्यांत सांगतें. लॅपटॉपांतील कामाची दुसरी प्रत घराबाहेर असावी. मोबाईलचा पंधरा आंकडी आय.एम.ई.आय. क्रमांक वहींत टिपून ठेवावा. फोन चोरीस गेल्यास २०२३ सालीं सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक देऊन फोन निरुपयोगी करवितां येतो. सुटींत गांवीं निघाल्याची छायाचित्रें परत आल्यावर जगास दाखवावीं. प्रसंग पडल्यास ११२ हा एकच क्रमांक ध्यानांत ठेवावा. आणि तक्रार नोंदवितांना "हें आमच्या हद्दींत येत नाहीं," असें उत्तर मिळाल्यास मुकाट्यानें परत फिरूं नये. १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याहि पोलीस ठाण्यांत देतां येते.

रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ध्वनिवर्धकास २००० सालच्या नियमांनीं बंदी आहे, हें मुलांना सांगावेंच. परंतु शेजारधर्म नियमावर चालत नाहीं. वाढदिवस करावयाचा असेल तर आदल्या दिवशीं समोरच्या दारीं जाऊन सांगावें. निम्मा राग तेथेंच विरघळतो. जिन्यांत चपलांचा ढीग नसावा, दुचाकी दुसऱ्याच्या जागेंत लावूं नये, ओला व सुका कचरा वेगळा करून द्यावा, कारण तो हातानें निवडणारी बाई कोणाची तरी आईच असते. आणि पहिल्याच आठवड्यांत, कांहीं काम नसतां, शेजारीं जाऊन आपलें नांव सांगावें. मुलांना याचा संकोच वाटतो. आईनें बरोबर दिलेल्या लाडवांतील चार लाडू वाटींत घालून न्यावेत. बोलावयास निमित्त होतें.

आमच्या मुलांनीं हें उशिरां केलें. ते आजींकडे लाडू घेऊन गेले तेव्हां आजोबांनीं दार उघडलें, आणि "गाणारे तुम्हींच काय?" असें विचारलें. पण आंत घेतलें. मग मुलांनीं कुलूप बदललें, आणि चौथी किल्ली आपल्या हातानें आजींच्या खुंटीवर टांगली. आजींनीं तिघांचीं नांवें व फोन भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहून ठेवले. लॅपटॉप मिळाले नाहींत, ते नाहींतच. पुतण्या पुढल्या भाद्रपदांत पुन्हां सड्यावर गेला. त्या वर्षीं पाऊस लांबला होता, कांहीं फुलें दिसलीं, कांहीं दिसलीं नाहींत, आणि जितकें हातीं आलें तितक्यावर त्यानें प्रबंध पुरा केला.

गेल्या महिन्यांत तिघांनीं ती जागा सोडली. घरमालकांस किल्ल्या परत करावयाच्या म्हणून पुतण्या खुंटीवरची चौथी मागावयास गेला. आजींनीं ती काढून त्याच्या हातावर ठेवली, चष्मा लावला, दिनदर्शिका उलटी केली आणि पेन्सिल घेऊन विचारलें, "आतां नवीन येणारे कोण रे? त्यांचीं नांवें सांग बघूं."