मोडीचे मोल

२०१६ सालापासून महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांनी जेवढे कोसळताना पाहिले, तेवढे कोकणातील दुसऱ्या एखाद्या मुलखाने क्वचितच पाहिले असेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एस. टी. गाड्याही गेल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने घरांवरचे पत्रे पाचोळ्यासारखे उडविले. त्याच वर्षी २४ ऑगस्टच्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यातील 'तारीक गार्डन' ही पाच मजली इमारत क्षणार्धात जमीनदोस्त होऊन सोळा माणसे दगावली. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, महाड शहर पाण्याखाली गेले. तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक जीव गेले आणि पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी घरे गिळली. हे झाले निसर्गाचे आणि दुर्दैवाचे पाडकाम. त्याच्या जोडीला मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे सरकारी पाडकाम होतेच. हमरस्त्याच्या कडेची घरे, दुकाने आणि खानावळी त्यात गेल्या.

ह्या संकटांत जे मृत्युमुखी पडले त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. मागे उरलेल्या ढिगाऱ्याविषयी मात्र कोणी फारसे बोलले नाही. माणसांच्या मरणापुढे दगडविटांचा हिशेब मांडणे हृदयशून्यपणाचे वाटते, हे आम्हांस मान्य आहे. तथापि ढिगारा हा केवळ भूतकाळाचा अवशेष नसून येणाऱ्या संकटाची सामग्रीही असू शकतो. म्हणून तो विषय आज आम्ही मुद्दाम हाती घेत आहोत.

२०१६ च्या त्या दुर्घटनेनंतरचे एक दृश्य अनेकांच्या स्मरणात असेल. वाहून गेलेल्या गाड्यांचा शोध लागेना, तेव्हा क्रेनला प्रचंड लोहचुंबक बांधून तो सावित्रीच्या फुगलेल्या पाण्यात सोडण्यात आला होता. एरवी भंगाराच्या वखारीत लोखंड उचलणारे हे साधन. त्या दिवशी सारा महाड श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होता. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी रहदारीला खुला झाला. निकडीचे काम निकडीने होऊ शकते, ह्याचा तो पुरावा याच तालुक्यात आहे. सवडीने करावयाचे काम आमच्याकडे का होत नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हे सवडीचे काम कोणते? आपल्या गावात जुने घर पाडले जाते तेव्हा काय होते ते पाहावे. मालक भंगारवाल्याशी बोली करतो. भंगारवाला माणसे आणतो. घण, पहार आणि गॅस कटर आणतो. स्लॅब फुटतो, त्यातल्या सळया ओढून काढल्या जातात, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे पाईप, ॲल्युमिनियमच्या चौकटी, पितळी नळ, भिंतीतली तांब्याची तार, सारे वेगळे होऊन टेम्पोत चढते. ही वेचणी इतकी कसोशीची असते की चार बोटे लांबीचा तुकडादेखील मागे राहत नाही. येथवर कोणालाही नावे ठेवण्याचे कारण नाही. उलट सरकारी यंत्रणेने कोठेही केली नसेल इतकी चोख विभागणी हा अडाणी म्हणविला जाणारा धंदा रोज करतो. मात्र धातू निघून गेला की उरलेल्या राडारोड्याचा कोणी वाली राहत नाही. विटा, चुरा, काँक्रीटचे ढेकूळ हे सारे रात्रीच्या अंधारात जवळच्या ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी रिते होते. कोकणातल्या बहुतेक गावांची हीच रीत आहे. ज्या गावाला सावित्री आणि गांधारी ह्या दोन नद्यांचा वेढा आहे आणि ज्याने २०२१ साली घराच्या माळ्यावर बसून रात्र काढली आहे, त्या गावाने नदीचे पात्र आपल्याच हातांनी अरुंद करावे, ह्याला काय म्हणावे? एके काळी ह्याच सावित्रीच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते महाडपर्यंत येत असत.

मोडलेल्या धातूला मोल असते हे मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. तांबट आळीत जुनी भांडी 'मोड' म्हणून द्यावी, तिचे वजन नव्या हंड्याच्या किमतीतून वळते करून घ्यावे, हा आपल्या आज्यापणज्यांचा व्यवहार. आम्ही शाळामास्तर असताना मुलांना सांगत असू की, फुटक्या भांड्यांनाही 'मोड' म्हणतात आणि मटकीला फुटलेल्या अंकुरालाही 'मोड'च म्हणतात. एकाच शब्दात शेवट आणि आरंभ बसविणाऱ्या भाषेचे कौतुक करावे तेवढे थोडे. आणि पोलादपूरकरांच्या तर गावाच्या नावातच पोलाद आहे! असो.

हे मोल किती असते, त्याचा थोडा हिशेब करू. सिमेंट-काँक्रीटच्या साध्या इमारतीत चौरस फुटामागे साडेतीन ते चार किलो लोखंड लागते, असा गवंडी आणि ठेकेदार ह्यांचा अंदाज असतो. म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या एका बिऱ्हाडाच्या भिंती-छतांत सुमारे दोन टन पोलाद दडलेले असते. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाप्रमाणे एक टन भंगार पुन्हा वितळविले की १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते, आणि हवेत जाणारा सुमारे दीड टन कर्बवायू टळतो. ह्याचा अर्थ, पाडलेल्या एका बिऱ्हाडामागे जवळजवळ तीन टन खनिज आणि दीड टन कोळसा खाणीतच राहू शकतो. ॲल्युमिनियमची गोष्ट याहून नवलाची आहे. खनिजापासून ते तयार करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या अवघ्या पाच टक्क्यांत जुने ॲल्युमिनियम नवे होते. ह्या देशाला भंगार पुरेसे मिळतही नाही. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये भंगाराविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा देशांतर्गत पुरवठा अडीच कोटी टन आणि परदेशांतून आणावे लागणारे भंगार ७० लाख टन, असा हिशेब त्यात मांडला होता. जे आपल्या दारात आहे, तेच बोटीने बाहेरून आणावयाचे, असा हा व्यवहार झाला.

हे भंगार वितळविणारा कारखानदार शोधण्यास परमुलखात जावे लागत नाही. मराठवाड्यातील जालना शहर भंगार वितळवून सळया करण्याच्या उद्योगावर उभे आहे, आणि लोखंडाचा मोठा बाजार तर आपल्याच जिल्ह्यात, कळंबोलीला आहे. तेव्हा गिऱ्हाईक आहे, भाव आहे, वाहतुकीचा रस्ता आहे. मग उणीव कोठे आहे?

पहिली उणीव मिसळीची. विजेच्या भट्टीत लोखंड वितळते खरे, पण त्यात शिरलेले तांबे काही केल्या बाहेर निघत नाही. फॉस्फरस आणि गंधक काढण्याची सोयही त्या भट्टीत तोकडी असते. तांबे अधिक झाले की तापलेले पोलाद लाटताना चिरते. म्हणून तार आणि सळई पाडकामाच्या जागीच वेगळी झाली पाहिजे. ती वेगळी करण्यासाठी प्लॅस्टिकचे वेष्टन उघड्यावर जाळण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याचा काळा विषारी धूर मजुराच्या छातीत जातो, हेही ध्यानात ठेवावे. औद्योगिक वसाहतीतून निघणाऱ्या जुन्या टाक्या आणि नळ तर ह्याहून घातक. आत रसायनाचा अंश राहिलेल्या टाकीला कटर लावणे म्हणजे जिवाशी खेळ. महाडसारख्या रासायनिक कारखान्यांच्या गावी हे निराळे सांगावयास नको. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये किरणोत्सर्गी कोबाल्ट असलेले यंत्र मोडताना एका मजुराचा प्राण गेला होता. भंगारात काय येते आहे हे पाहणारा डोळाच तेथे नव्हता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, आणि तिच्याविषयी बोलताना काटकसरीची बाजू घेणाऱ्या आम्हांलाही सावध राहावे लागते. ढिगाऱ्यातून निघालेली सळई वितळविण्यासाठी न पाठविता ठोकून सरळ करावी आणि 'दुसऱ्या हाताची' म्हणून लहानशा घराच्या, पडवीच्या किंवा संडासाच्या कामात वापरावी, असा व्यवहार गावोगाव चालतो. नव्या सळईच्या किमतीने गांजलेल्या गरिबाला तो मोह पडला तर त्याला बोल लावणे सोपे नाही. पण ही काटकसर नव्हे. आजकालची सळई तापलेली असतानाच पाण्याच्या झोताने थंड करतात. त्यामुळे तिची साल कठीण आणि गाभा मऊ राहतो आणि भूकंपाच्या वा वादळाच्या हिसक्यात तुटण्याऐवजी ती लवते. एकदा वाकवून पुन्हा ठोकून सरळ केलेल्या सळईची ही लवचीकता वाकलेल्या जागी नाहीशी होते. त्यात कोकणची दमट हवा. १२ मिलिमीटर जाडीची सळई गंजून १० मिलिमीटर झाली तर डोळ्याला फरक फारसा दिसत नाही, परंतु तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे तीस टक्क्यांनी घटलेले असते. शाळकरी मुलगाही हे गणित करील. काजळपुऱ्यातील दुर्घटनेचा दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आणि त्या इमारतीशी ह्या व्यवहाराचा संबंध जोडण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. परंतु ज्या गावाने चार वर्षांचे मूल अठराएक तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघताना पाहिले, त्या गावाला सळईच्या बळाविषयी बेफिकीर राहता येणार नाही. जुनी सळई नव्या भिंतीत नव्हे, भट्टीत गेली पाहिजे.

तिसरी उणीव कायद्याच्या अंमलाची. बांधकाम आणि पाडकाम ह्यांच्या कचऱ्याविषयीचे नियम केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्येच केले. दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टन राडारोडा निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड-प्लॅस्टिक, विटा-गिलावा अशी विभागणी करून द्यावी, असे त्यांत आहे. पाच लाखांहून कमी वस्तीच्या शहरांनाही प्रक्रियेची सोय करण्यास तीन वर्षांची मुदत होती. ती २०१९ मध्येच सरली. २०२५ मध्ये नवे नियम आले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. त्यांत बांधणाऱ्यावर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे ती २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांपुरती. एवढी बांधकामे महाडला किती आणि पोलादपूरला किती होणार? दिल्लीने बुराडी येथे २००९ सालीच राडारोड्यावर प्रक्रिया सुरू केली, ती महानगराची गोष्ट. जाळे मोठ्या माशांसाठी विणलेले आहे आणि आमच्या खाडीत मासळी बारीक आहे.

म्हणूनच ह्या प्रश्नाचा तोडगा दिल्लीच्या नव्हे तर गावच्या हिशेबाने काढला पाहिजे, आणि तो निघण्यासारखा आहे. राडारोड्यातील एकट्या धातूलाच रोख भाव आहे. उरलेल्याची वाहतूक म्हणजे निव्वळ खर्च. आज नफा एकाच्या खिशात जातो आणि खर्च नदीच्या माथी बसतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच बोलीत बांधाव्यात. पाडकामाची परवानगी देतानाच नगरपरिषदेने अट घालावी की, जो सळई नेईल त्यानेच विटा आणि काँक्रीटही नेमलेल्या जागी पोचवावे. परवानगीच्या वेळी माफक अनामत घ्यावी आणि लोखंड व राडारोडा ह्या दोहोंच्या वजनकाट्याच्या पावत्या दाखविल्या की ती परत करावी. घरमालकाला कदाचित बोलीत थोडे कमी मिळेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण पुरानंतर घरातला गाळ उपसण्यास त्याला जो खर्च आला, त्याच्याशी त्याने तुलना करून पाहावी.

महाड आणि पोलादपूर ही गावे जेमतेम वीस किलोमीटर अंतरावर आहेत. प्रत्येकी निराळा कारखाना काढण्याची ऐपत कोणाचीच नाही आणि गरजही नाही. पूररेषेबाहेरची एक कुंपण घातलेली जागा, एक वजनकाटा आणि काँक्रीट भरडणारे एक यंत्र एवढे दोघांनी मिळून केले तरी भागेल; भरडलेला माल गावातल्या रस्त्यांच्या पायाला आणि जोत्यांच्या भरावाला चालतो. डोंगराळ वाड्यांवर भंगारवाल्याचा टेम्पो चढत नाही. चढला तर भाड्यातच भाव संपतो. अशा वाड्यांसाठी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पंचायत समितीने गाडीची फेरी ठेवावी. वादळाने वाकविलेला पत्रा आज परसात गंजतो आणि एखाद्या मुलाचा पाय कापतो, तो निदान बाजारात तरी जाईल.

राहता राहिला घण मारणारा मजूर. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत पाडकामही धरले होते. तरीही पाडणाऱ्याला आपण बांधकाम मजूर समजतच नाही. त्याची नोंद नसते. डोक्यावर टोप आणि पायात बूट नसतो. वरचा स्लॅब फोडायचा की खालची भिंत आधी काढायची हे त्याला सांगणारा जाणता माणूस जागेवर नसतो. पाडकामाच्या परवान्यावर जाणकार देखरेख्याची सही आणि मजुरांची यादी असल्याखेरीज पहिला घाव पडू नये, ही अट घालण्यास नगरपरिषदेला किंवा पोलादपूरच्या नगरपंचायतीला एक पैसाही खर्च येणार नाही. पावसाळ्यापूर्वीच्या सभेत हा ठराव मांडण्यास कोणता सभासद पुढे येतो, ते आम्ही पाहणार आहोत, आणि त्याचे नाव ह्याच पानावर छापणार आहोत.